ब्रेक कुणी दाबला

सोमवार, ३ नोव्हेंबर
शिवकांत पुण्याहून नवी गाडी घेऊन आला. बापासाठी! म्हणे समोर काही आडवं आलं तर ही आपोआप ब्रेक लावती, रस्त्यावरचा पांढरा पट्टा सोडला तर स्टेअरिंग वढून जागेवर आणती. मी इचारलं, मग अप्पा काय करणार, मागं बसून जप? हसला नुसता.
अप्पांनी एकतीस वर्षं यष्टी चालवली. चाकाखाली कोंबडी मेली न्हाई. आता शिवकांतची पोरगी महेश्वरी जिंतूरला अकरावीला. चारठाण्याहून सकाळची यष्टी कधी येती, कधी न्हाई. म्हणून आजोबानं नातीला गाडीतून न्यायचं आन आणायचं, असं बापलेकांनी ठरवलं. एकुलती एक नात — आन जिम्मा मशीनवर.
शिवकांत म्हणे, "आई, माणूस पेंगतो, पितो, फोनवर बोलतो. मशीन न्हाई. माणसापेक्षा तीच भरोशाची."
असंल. पण माणसाच्या हातून कुणी मेलं तर त्याला जन्मभर घास गोड लागत न्हाई. मशीनला काय? दुरुस्त केली की चालली पुढं.

मंगळवार, ४
गाडीची पूजा केली. नारळ फोडला, चाकाखाली लिंबं ठेवली. गाडीला कपाळ कुठं असतं? समोरच्या काचेवर, वरच्या अंगाला मधोमध — मला तरी तेच कपाळ वाटलं. तीन बोटं भरून ओली विभूती वढली. छान दिसायली. शिवकांत दुपारी पुण्याला गेला.

बुधवार, ५
गाडी सकाळपासून पिवळा दिवा लावून टुं टुं करायली. महेश्वरीनं बापाला फोन केला. तो म्हणे त्याच जागी आतून कॅमेरा हाय, आईनं गाडीचा डोळा बुजवला! पुसली बाई. घरभर हसले मला.
हसा. पण बोटभर विभूतीनं जी आंधळी होती, ती माझ्या नातीला काय वाचवणार? आमची सून सत्यशीला इथल्याच शाळेत मास्तरीण हाय. तिलाबी इचारलं. तिनं तपासायच्या वह्या वढून घेतल्या.

रविवार, ९
स्वतःच बघावं म्हणून शेजारी बसून जिंतूरला गेले. वाटेत वाऱ्यानं एक रिकामं पोतं आडवं आलं. गाडीनं असा गचकन ब्रेक मारला की माझी कवळी हलली. मागचा मोटारसायकलवाला अप्पांना शिव्या देऊन गेला. पुढं रस्त्याचा पांढरा पट्टा एका खड्ड्यात गेलाय, तर ही बया तिकडंच वढायली. अप्पांनी स्टेअरिंग हिसकून घेतलं. म्हणाले, "मला शिकवायली का?"
मला लय बरं वाटलं.

सोमवार, १०
शिवकांतला फोनवर पोत्याचं सांगितलं. तो आकडे सांगायला लागला, किती अपघात कमी झाले त्याचे. कुठल्या रस्त्यावरचे म्हणलं. तर म्हणे, महेश्वरीला फोन दे.

गुरुवार, १३
घरी येऊन आधी देवापुढं दिवा लावला.
महेश्वरीला घेऊन येत होतो. ती मागं, मी पुढं. जिंतूर सोडलं आन कापसाचा ट्रॅक्टर बंद पडून रस्त्यातच उभा. ऊन समोरून. मला लांबूनच दिसला. आता दाबतील ब्रेक, आता दाबतील, म्हणून माझी नजर अप्पांच्या पायाकडं गेली.
पाय हलला न्हाई. रेसवरच होता.
गाडी किंचाळली आन स्वतःच थांबली. ट्रॅक्टर दोन हातांवर.
महेश्वरी म्हणाली, आजोबा, काय ब्रेक मारला! अप्पा म्हणाले, सवय हाय बेटा.
घरी सुनेनं इचारलं. मी सांगितलं, अप्पांनी थांबवली.

शुक्रवार, १४
खोटं बोलले. मशीनचा संशय घ्यायला जीभ लय चालती माझी. काल कुठं गेली होती?

शनिवार, १५
अप्पा रोज सकाळी फाट्यावर चहाला बसतेत. यष्टी आली की लांबूनच पाटी वाचून लोकांना उठवतेत. लोक म्हणतेत, काय नजर हाय म्हाताऱ्याची! आज मीबी सोबत गेले.
साडेदहाला यष्टी आली. अप्पा म्हणाले, "परभणी. उठा." चार बाया गाठोडी घेऊन उठल्या.
मी चौथीपर्यंत शिकले. ही वही लिहिती, पण लांबची पाटी अक्षराला अक्षर जोडून वाचती. यष्टी थांबल्यावरबी मला वेळ लागला. से. लू. एवढीच दोन अक्षरं, हातभर मोठी, दहा पावलांवर. परभणीची मागून येत होती, उशिरा.
अप्पा म्हणाले, ड्रायव्हरनं पाटी चुकीची लावली आसंल. बाया हसल्या, मीबी हसले.
हा माणूस पाटी वाचतच न्हाई. घड्याळ वाचतो! कोणत्या टायमाला कोणती यष्टी, एकतीस वर्षांचं पाठ हाय, तेच म्हणून दाखवतो. आन दहा दिवस झाले, माझी नात त्याच्या मागं बसून जायली.

रविवार, १६
चावी मागितली. वाटलं भांडतील. मुकाट्यानं दिली.
मग म्हणाले, "दोन वर्षं झाली, भागम्मा. उजवा डोळा गेलाच, डाव्यानं नुसतं धुकं. शिवकांत साधी गाडी द्यायला होता. आपोआप थांबणारी मीच मागून घेतली."