मंजिरीचा नारळ

कार्तिक शु. ५. ठाणे.
नव्या नाटकाचं वाचन झालं. नायिका मंजिरी. तिसऱ्या अंकात तिचं तान्हं मूल जातं. असला प्रवेश म्हणजे माझा, हे मंडळीतल्या भटारखान्यालाही ठाऊक.
सोळा वर्षं नायिकेचा नारळ माझ्या ओटीत पडतो. आज मालक आबासाहेब नारळ घेऊन उठले तसा मी सवयीनं पदर पुढे केला. पदर कसला, उपरण्याचं टोक! आबासाहेब माझ्यापुढून सरळ गेले आणि नारळ नव्यानं आलेल्या बकुळाबाईच्या ओटीत घातला. कोणीतरी खोकलं. मी उपरणं झटकल्यासारखं केलं.
बाई नाटकात घेतलीत, घ्या. पण मालकांनी आदल्या दिवशी कानावर तरी घालावं! मला मंजिरीच्या सखीचं काम. तीन प्रवेश. त्यातल्या एकात नुसता पंखा हलवायचा.

कार्तिक शु. १२.
तालीम. ब.बा. वेळेवर येते, कोणाशी वाद घालत नाही, स्वतःचं पाणी स्वतः भरून घेते. दोष काढायला जागाच ठेवत नाही, हा तिचा मोठा दोष.
आज मला म्हणाली, "विष्णुपंत, मी लहानपणी आईबरोबर बायकांच्या चिकाच्या पडद्यामागून तुमचं नाटक पाहिलं. घरी येऊन आठवडाभर तुमच्यासारखी चालत होते. अजून तशीच चालते."
मी "असं का" म्हणालो. ही स्तुती की थप्पड, कळेना. माझीच चाल आणि मलाच पंखा!
घरी उमाला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. म्हणाली, "बघा हो, बायकोच्या आधी नवऱ्याला सवत आली." हसून हसून सूप खाली ठेवलंन्. मला हसू आलं नाही.

मार्गशीर्ष वद्य २.
शनिवारी पहिला प्रयोग. लिहायचं नाही असं ठरवलं होतं.
तिसऱ्या अंकात मी असतो तर कपाळावर हात मारून वरच्या षड्जात हंबरडा फोडला असता, आणि वन्समोर घेतला असता. ही बया एक शब्द बोलली नाही. चिकामागे मात्र बायका ओक्साबोक्शी रडत होत्या. पंखा हलवता हलवता माझाही हात थांबला. तेवढ्यासाठी तिचा जास्तच राग आला.
आज तलावाच्या घाटावर पाहिलं. इतकी वर्षं ठाण्यातल्या बायका माझ्यासारखं तिरपं कुंकू लावत. आता दोघीतिघी तिच्यासारखं गोल, जरा खाली. इतक्या लवकर फिरतात माणसं.

पौष शु. ३.
कल्याणास गाठीच्या तापानं, प्लेगनं, कहर. खाडीकाठी नारळीच्या झापांच्या झोपड्या घालून आजाऱ्यांना आणि त्यांच्या घरच्यांना नेऊन ठेवतात. स्टेशनात डॉक्टर उतारूंना तपासतो. बायका परक्या पुरुषाला अंगाला हात लावू देत नाहीत, माळ्यावर जाऊन लपतात.
ब.बा. रोज सकाळच्या गाडीनं कल्याणास जाते. बायकांना तीच तपासते, समजावते, छावणीत पेज पाजते. दुपारी परत येऊन तालमीला उभी. वर्तमानपत्रात तिच्यावर चार ओळी आल्या. माझ्या सोळा वर्षांवर एकदा दीड ओळ आली होती, तीत नाव चुकलेलं.
शनिवारच्या प्रयोगात आत येताना तिच्यासाठी लोक उठून उभे राहतात. अजून तोंड उघडलेलं नसतं!

पौष शु. ७.
आज आबासाहेबांकडे गेलो. म्हटलं, "बाई रोगी माणसांना शिवतात आणि इथं येऊन आमच्या पंगतीला बसतात. उद्या लोकांनी मांडवात पाऊल टाकलं नाही तर?"
खोटं काय बोललो? काही नाही. आबासाहेबांनी पान लावून तोंडात टाकलं. मग म्हणाले, "हे तुझ्या डोक्यातून आलं की पोटातून?"
उपरणं सावरलं आणि निघालो.

पौष शु. १०.
नारळ मिळाला.
आबासाहेबांनी तिला सांगितलं, रंगभूमी की छावणी, एक धरा. ती आत गेली, हळदकुंकवासकट नारळ घेऊन आली आणि माझ्या हातात दिला. "मंजिरी तुम्हीच करा. तिकडं माझ्याशिवाय कोणी नाही. इथं तुम्ही आहात."
रडली असती, भांडली असती, तर मी जिंकलो असतो. माझं सगळं आयुष्य ज्यावर उभं, ते तिनं ताकाची वाटी द्यावी तसं दिलं. भीक घातल्यासारखं वाटलं. तरी नारळ घेतला. घरी देवापुढे ठेवला आहे.

पौष शु. १३.
काल मंजिरी केली. दोनदा दाढी घोटली, नवं पैठणी लुगडं, सगळं यथास्थित. तिसऱ्या अंकात हंबरडा फोडला. चिकामागे कोणीतरी फिस्सकन हसलं. मग दुसरी. मग सगळ्याच.
याच बायका माझ्या रडण्यावर रडत असत. हंबरडा तोच आहे. ती येऊन दोन महिने उभी राहिली काय, आणि माझं सगळं खोटं दिसायला लागलं.
उमानं आज शिरा केला होता.

पौष वद्य १. कल्याण.
सासुरवाडीला चौकशीला जातो म्हणून निघालो. खरं तर छावणी बघायची होती. ब.बा. तिथं नुसती मिरवत असेल, साहेबापुढे पुढे पुढे करत असेल, तर डोळे भरून बघावं, म्हणजे शांत झोप लागेल.
छावणीच्या कुडाबाहेर उभा राहिलो. ती होती. लुगडं मळलेलं, केसांना तेल नाही. मिठागरावर काम करणारी एक आगरीण दारात बसली होती, सोनी नावाची. तिचं पोर सकाळी गेलेलं. ती रडत नव्हती. पोराचं झबलं झटकायची, घडी घालायची, पुन्हा उलगडायची. ब.बा.ने झबल्याकडे हात नेला तशी म्हणाली, "मळलाय गो बाय. धुवाला पायजे." आणि झबलं काखेत मारून पाण्याकडे निघाली. चार पावलं गेली आणि थांबली. धुवायचं कोणासाठी, ते तेव्हा तिच्या ध्यानात आलं असावं. तशीच उभी राहिली.
ब.बा. तिच्या शेजारी नुसती जाऊन उभी राहिली. बोलली नाही. मग मला कळलं, पहिल्या प्रयोगाला ती गप्प का होती.
त्याच क्षणी मनात काय आलं, ते लिहितो. ही वही माझीच आहे. मनात आलं, घडी दोनदा घालायची. काखेत डाव्या. चार पावलं.

पौष वद्य ५.
काल केलं. लाकडी बाळ बाजूला ठेवलं, झबलं घेतलं. घडी, उलगड, घडी. चार पावलं. थांबलो.
एवढी शांतता मी आयुष्यात ऐकली नव्हती. मग टाळ्यांनी मांडव कोसळतो की काय असं वाटलं. आबासाहेब आत येऊन पाठीवर हात ठेवून म्हणाले, "इतकी वर्षं हे कुठं लपवलं होतंस?"
सुचलं म्हणालो.
चिकाच्या कडेला ब.बा. बसली होती. कधी आली, ठाऊक नाही. टाळी वाजवत नव्हती.

पौष वद्य ८.
ती आज मांडवात आली. आता ओरडेल, चारचौघांत चोर म्हणेल, अशी तयारी करून बसलो होतो. उत्तरही पाठ होतं: तू माझी चाल घेतलीस ती?
तिनं विचारलं, "कल्याणला आला होतात?"
"हो."
"मग आत का नाही आलात? पेज वाढायला माणूस कमी होतं."
एवढंच. जाता जाता वळली. "सोनी आता छावणीतच राहते, आमच्याबरोबर राबते. नाटक म्हणजे काय, विचारत होती. शनिवारी घेऊन येते तिला."
"तिला सांगितलंत?"
"काय सांगायचं, विष्णुपंत?"
खरंच विचारत होती की खेळवत होती? तिच्या तोंडावरून कधी काही कळत नाही. देवानं हिला तेही दिलं.

पौष वद्य ११, शनिवार.
एकादशी. उपास आहे.
सकाळी उमाला सगळं सांगितलं. आबासाहेबांकडची चुगलीसुद्धा. ती म्हणाली, "हंबरडा फोडा की मग पूर्वीसारखा. हसतील ते हसतील."
हसतील ते हसतील! तिला काय जातं म्हणायला. नारळ जाईल. आबासाहेब त्या झबल्यासाठी आज पाहुणे बोलावून बसले आहेत.
आणि झबलं केलं, तर सोनी समोर बसून स्वतःला बघणार.
दिवे लागले. रंग लावून झाला. पडद्याच्या भोकातून आत्ता पाहिलं. आज चिक वर केला आहे. सोनी पहिल्याच रांगेत, धुतलेलं लुगडं नेसून, दोन्ही हात मांडीवर. आजूबाजूच्या बायकांचे दागिने बघते आहे. शेजारी ब.बा. तिला पडदा दाखवून काहीतरी सांगते आहे आणि सोनी मान डोलावते आहे. एकदा हसलीसुद्धा.
मला अजून, या घटकेलासुद्धा, ब.बा.चा हेवाच वाटतो आहे. तिच्या शेजारी ती बाई हसू शकते.
नांदी सुरू झाली. रंगाच्या पेटीवर लाकडी बाळ आहे, त्याच्याजवळ झबलं. तिसऱ्या अंकाला अजून अवकाश आहे. बोलावताहेत.