एकदम बढिया, साहेब

नागपूर, १२ जानेवारी १९८६

तीर्थरूप बाबांचे चरणी नीळकंठचा शि. सा. न. वि. वि.

मी इथे खुशाल आहे, म्हणजे उभा आहे. एम.एस.चं शेवटचं वर्ष म्हणजे वॉर्ड, ऑपरेशन थिएटर आणि मधल्या वेळात सरांची बोलणी. त्यात माझ्या थिसिसचं घोडं अडलंय. हर्नियाचं, म्हणजे आपल्या अंतर्गळाचं, ऑपरेशन झाल्यावर वर्षभरात तो किती जणांना उलटतो, हा माझा विषय. ऑपरेशनं झाली, पण टाके निघाल्यावर पेशंट जो गावी गेला तो गेलाच! कार्डं टाकून थकलो, कोणी फिरकत नाही. मार्चअखेर थिसिस दाखल झाला नाही तर परीक्षेला बसू देणार नाहीत.

यातले बरेच लांजी, हट्टा, भरवेलीचे. तुम्हीच त्यांना माझ्याकडे पाठवलं होतं. नायब तहसीलदार म्हणून तुम्ही तिथली गावं पालथी घातलेली आहेत, तर एकदा जाऊन याल का? फार काही करायचं नाही. माणसाला उभं करून खोकायला लावायचं आणि जांघेत फुगवटा दिसतो का तेवढं पाहायचं. आईला सांगा, मी वेळेवर जेवतो. तिला खरं वाटणार नाही, तरी सांगा.

आपला आज्ञाधारक,
नीळकंठ


बालाघाट, २७ जानेवारी १९८६

चि. नीळकंठ यास गुणाकररावांचे अनेक आशीर्वाद.

तुझे काम फत्ते झाले. शेजारच्या बाबूलालच्या मोटरसायकलवर मागे बसून सगळी गावे फिरलो. माझ्या कमरेचे काय झाले तो तुझ्या थिसिसचा विषय नव्हे, म्हणून लिहीत नाही.

फार काही करायचे नाही म्हणे! गाढवा, ज्या गावात लोक मला पाहून उठून उभे राहतात, तिथे मी कोणाच्या जांघेत डोकावू? मी खुर्ची मागवली, पेशंटला समोर उभे केले आणि धोतर जागच्या जागी ठेवून खोकायला सांगितले. लांजीचा महागू खोकू लागला तशी त्याला सोबत म्हणून सगळी आळी खोकू लागली. मग मी सरळच विचारले, गोळा परत आला का. जो तो म्हणाला, नाही साहेब, एकदम बढिया. भरवेलीच्या खाणीतला प्रेमलाल तर दंडबैठका काढून दाखवायला निघाला होता, मीच आवरले.

एकालाही उलटलेला नाही. ऊर भरून आला बघ. तुझी आई म्हणते, तुमच्या तोंडावर कोणी कधी खरं बोललं होतं का. तिकडे लक्ष देऊ नये. प्रकृतीस जप आणि आम्हांस विसरू नकोस.

तुझा,
बाबा


नागपूर, ६ फेब्रुवारी १९८६

ती. बाबा व सौ. आईस सा. न. वि. वि.

घात झाला. सरांनी आकडे पाहिले, चष्मा पुसला, पुन्हा पाहिले. मग भर वॉर्डात म्हणाले की त्यांच्या स्वतःच्या हातचेही काही उलटतातच, आणि या नीळकंठरावांचा एकही नाही, तेव्हा उद्यापासून सरच माझ्या हाताखाली शिकायला येतील. सिस्टरसुद्धा हसल्या. नंतर खोलीत बोलावून मात्र सर हसले नाहीत. असल्या थिसिसवर आपली सही होणार नाही, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं.

बाबा, रागावू नका, पण कुठेतरी पाणी मुरतंय. मला सुट्टी मिळत नाही. आई, आता तूच काहीतरी कर.

तुमचा,
नीळकंठ


बालाघाट, १७ फेब्रुवारी १९८६

चि. नीलूले आईचा पोटभर आशीर्वाद.

तुह्या पत्रानं तुहे बाबा फुगून बसले. साहेबाच्या चौकशीवर कोनी शंका घेते का म्हनतात. मी म्हटलं, बसा फुगून. रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकू चालते, मी तिळगूळ घेतला अन् बसनं लांजीले गेली. माणसाच्या दुखन्याचं माणसाले काय विचारता? त्याच्या बायकोले विचारा!

महागूच्या रुख्माबाईले कुंकू लावलं अन् हळूच विचारलं. ते अशी फणकारली का विचारू नको. गोळा तं दिवाळीनंतरच परत आला म्हने, धानाचे पोते उचलायले कोनं सांगतलं होतं! तवापासून धोतराखाली फडकं कसून फिरते. साहेब आले त्या दिवशी तं असं आवळलं का खोकतानी डोळे बाहेर आले. हट्ट्याले एक निंगाला, भरवेलीले प्रेमलालची ललिता तेच सांगे. बाकीचे खरंच बरे आहेत, सगळ्यायच्या बायकायले विचारलं मी.

मग महागूले धरलं. म्हटलं, काहून रे खोटं बोलला? तं खाली पाहून म्हने का बाई, साहेबाचं पोरगं परीक्षेले बसून राह्यलं, माह्या गोळ्यापायी नापास झालं तं? आमी सगळ्यायनं मिळूनच ठरवलं होतं. बापा रे, मले हसू का रडू समजेना. घरी येऊन तुह्या बाबाले सांगतलं. तं ते स्वतः उठून महागूले नागपूरले धाडाची गाडी पाहाले गेले.

दुधाले नाही म्हनू नको. माया आहेच, पत्र धाडत जा.

तुही,
आई


नागपूर, १२ मार्च १९८६

ती. बाबा व सौ. आईस नीळकंठचा सा. न. वि. वि.

उलटलेले सगळे आकडे घालून थिसिस नव्यानं लिहिला. सरांनी वाचला, म्हणाले, आता हा माणसांच्या ऑपरेशनचा वाटतो, आणि सही केली. परवा दाखल झाला. बाबा, ती माणसं तुमच्या धाकानं खोटं बोलली नाहीत, माझ्या काळजीनं बोलली. मला फार लाज वाटली आणि फार बरंही वाटलं.

महागूचं ऑपरेशन झालं. दुसऱ्यांदा करणं अवघड, म्हणून सर स्वतःच करणार होते. पण गडी ट्रॉलीवर उठून बसला! पोरानंच करावं म्हणाला, त्याचं काही शिकायचं राह्यलं असंल तर माह्यावर पुरं करून घेऊ द्या. सर टेबलाच्या पलीकडे, मदतनिसाच्या जागी जाऊन उभे राहिले. ऑपरेशन मीच केलं. टाके छान बसले, सर तसं म्हणाले.

काल टाके काढले. गोळा परत आला तर लपवायचं नाही, सगळ्यात आधी मला कळवायचं, असं मी त्याला दहादा बजावलं. थिसिस झाला, आता त्याच्या गोळ्यानं माझं काही बिघडत नाही, हेही समजावलं. त्यानं शांतपणे सगळं ऐकून घेतलं. मग माझी परीक्षा कधी संपते ते विचारलं, आणि तोवर पोत्याला हात लावणार नाही असं वचन देऊन गेला.

आशीर्वाद असू द्यावा.

आपला,
नीळकंठ