टोपीखालची केस

४ मार्च १९७३, रविवार. सकाळी ७.
निश्चय. आजपासून केसांची निगा. पद्धतशीर, लेखी, रोजच्या रोज. या डायरीखेरीज कोणाला पत्ता लागता कामा नये.
कारण असं. वहिनींनी स्थळ आणलं आहे. धरमपेठेतली शिक्षिका, पुष्पलता, बी.ए. फोटो आला. तीनदा पाहिला. चौथ्यांदा पाहताना वहिनींनी पकडलं. खरं सांगायचं तर चौतीस वर्षांत मला इतकं काही आवडलं नव्हतं. आपलाही फोटो गेला आहे आणि तो त्यांना पसंत आहे. पाहण्याचा कार्यक्रम पंधरा एप्रिल.
अडचण एकच. माझा फोटो १९६५ सालचा आहे. त्यात केस आहेत.
फोटो खोटा नाही. डोकं तात्पुरतं खोटं पडलं आहे. सहा आठवड्यांत त्याला फोटोच्या बरोबरीला आणायचं.
७.३०. आरसा. समोरून ठीक. वरून बघायला कोण येतो?

५ मार्च, सोमवार.
आमच्या कोर्टात 'केस' म्हटलं की माणसाला फाइल दिसते. मागे मी नुसतं म्हटलं, माझ्या केसांची काळजी वाटते, तर शिपायाने चार दिवाणी दाव्यांच्या फायली आणून टेबलावर आदळल्या. तेव्हापासून ऑफिसात आम्ही सगळे डोक्यावरच्यांना हिंदीतून 'बाल' म्हणतो. मराठीची ही दशा. पण जिभेला सवय लागली.
शेजारच्या टेबलावर रुपराव. वय सदतीस, डोकं घासलेल्या गंगाळासारखं. आणि ते तसंच उघडं घेऊन हिंडतो! लाज नाही. बिनलग्नाचा आहे. याला मुलगी देणार कोण? आज मलाच म्हणतो, "मनोहरराव, बाल कमी होऊन राहिले जी तुमचे." गंगाळाशी काय बोलायचं?

८ मार्च, गुरुवार.
नत्थू न्हाव्याकडे गेलो. त्याने दोन बोटांनी केस उचलले आणि म्हणाला, "आता काहून कापता जी? राहू द्या. आहेत तेच गोड माना." ज्याचं पोट केस कापण्यावर, तो हे म्हणतो! धंद्याची अक्कल नाही.
तरी नवा नियम केला. पंधरा एप्रिलपर्यंत कात्री बंद. डाव्या कानावरचे वाढवून उजवीकडे आणायचे. मनुष्यबळ कमी असलं की बदल्या कराव्या लागतात.

११ मार्च, रविवार.
दादा खापरखेड्याहून आला. वीजकेंद्रात नोकरी, घरी फक्त रविवारी. मला पाहून म्हणाला, घरात टोपी काहून घालून बसला? ऊन, म्हटलं. तेव्हा मी मधल्या खोलीत होतो.
वहिनींना संशय आला आहे. पोळ्या लाटता लाटता न विचारता ऐकवलं: "भाऊजी, कपड्याच्या साबणानं डोकं नोका धुवू. आठवड्यातून दोनदा शिकेकाई लावा. खोबऱ्याचं तेल जिरवा, चोळू नोका. ओल्या डोक्यात फणी घालू नोका. पालेभाजी खा, अन् वेळेवर झोपा." बस. संपली विद्या.
हे तर कोणीही सांगेल! खोबऱ्याचं तेल! माझ्यासारख्या डोक्याला एवढं सोपं औषध कसं चालेल? वहिनी सातवी पास आहेत, त्यांचा दोष नाही.
फणीत आज एक्केचाळीस.

१३ मार्च, मंगळवार.
एक्केचाळीस ओल्या डोक्याचे होते. ओल्यात मोजणी धरू नये. कोरड्यात बावन्न.
मोजणी बंद. मोजल्यानेच गळतात.

२० मार्च, मंगळवार.
कांद्याचा रस. उन्हाची लू लागू नये म्हणून इथे लोक खिशात कांदा ठेवतात, मी डोक्यावर ठेवला, एवढाच फरक. रोज दोन कांदे, रात्रभर.
वहिनी म्हणाल्या टोपलीत उंदीर आला. मी म्हटलं असेल.
ऑफिसात साहेबांनी सगळ्या खिडक्या उघडायला लावल्या. उन्हाळा लवकर आला यंदा. रुपराव टेबल सरकवून भिंतीला जाऊन बसला. मत्सर. केस उगवताना पाहवत नाहीत.

२५ मार्च, रविवार.
डोक्यावर पुरळ. म्हणजे मुळं जागी झाली.
पण खरी बातमी पुढेच. सीताबर्डीवर एका जिन्याशी पाटी पाहिली. ठसठशीत हिंदी अक्षरं: बाल रोग विशेषज्ञ. नागपुरात बालांच्या रोगाचा डॉक्टर आहे आणि मला माहीत नाही! वहिनी, नत्थू, सगळे अडाणी. शास्त्राकडे जायचं सोडून मी कांदे ठेचत बसलो. बुधवारचा नंबर लावला.

२८ मार्च, बुधवार. संध्याकाळी ८.
सविस्तर लिहितो.
दवाखाना गच्च भरलेला. सगळ्या बाया, प्रत्येकीच्या मांडीवर मूल. मनात म्हटलं, शाबास. लोक लहानपणापासूनच बालांची काळजी घेऊ लागले आहेत. आपल्या वेळी ही जाण असती तर?
शेजारी एक पोक्त बाई, नातवाला घेऊन. चष्मा, धरमपेठी पातळ. त्यांनी विचारलं, "तुम्ही कोणासाठी आले जी?" मी म्हटलं, बालांसाठीच. "किती हायेत?" काय हा प्रश्न! पण बाईंचा स्वर मायेचा होता. मला भरून आलं. म्हटलं, आधी पुष्कळ होते, आता थोडे उरले. गेले ते गेले, पण उरलेत ते तरी जगावेत.
बाईंनी तोंडाला पदर लावला. "अगं माय! अन् घरी कोण पाहते त्याहिले?" कोण पाहणार, म्हटलं, माझा मीच. झाकून ठेवतो. पंधरा तारखेला माझा मुलगी पाहण्याचा कार्यक्रम आहे, तोवर कोणाला दिसू देणार नाही.
"म्हंजे मुलीकडच्यायले सांगतलंच नाही?"
छे, म्हटलं. लग्नानंतर कळेलच. तोवर टिकले तरी पुरे.
बाईंनी चष्मा सारखा केला. मग नाव विचारलं, राहणार कुठले विचारलं. मी सांगितलं, मनोहरराव, सक्करदरा, कोर्टात नकलनवीस. त्या नातवाला उचलून तडक उठल्या, नंबर आला नव्हता तरी. इतका जिव्हाळा परक्या माणसाने माझ्या बालांबद्दल दाखवला नव्हता.
मग डॉक्टर. टोपी काढायला लावली. बघितलं. कंपाउंडरला बोलावून त्यालाही दाखवलं. मग म्हणाले, मी लहान मुलांचा डॉक्टर आहे.
चूक पाटी रंगवणाऱ्याची आहे. मराठी मुलखात हिंदी पाटी लावायची आणि वर माणसाला हसायचं! तरी पुरळ पाहून त्यांनी सल्ला दिला: कांदा बंद, खोबऱ्याचं तेल, शिकेकाई, पालेभाजी, झोप. वहिनींनी यांना आधीच गाठलं होतं की काय?
फी घेतली नाही. यावरून माझी केस किती गंभीर आहे ते कळतं.

१ एप्रिल, रविवार.
वहिनी धरमपेठेतून रडत आल्या. मुलीच्या मावशीने, कुसुमताईंनी, दारातच उभं केलं. स्थळ मोडलं. काहून? तर मुलगा फसवा. आधीची पोरं आहेत, काही मेली, उरलेली झाकून ठेवली आहेत.
वहिनी माझ्यासमोर बसल्या आणि हळूच म्हणाल्या, "भाऊजी, खरं सांगा. किती लेकरं हायेत तुमची?"
मी सगळं सांगितलं. वहिनी आधी हसल्या, मग डोळे पुसले, मग पुन्हा हसल्या. दादा तर उठून अंगणात गेला. मला काही हसू आलं नाही. मला तो फोटो आठवत होता.
दवाखान्यातल्या त्या बाई म्हणजे याच कुसुमताई! साधा विवेक नाही. माणूस बाल म्हणाला की बाल समजावं.

५ एप्रिल, गुरुवार.
वहिनी पुन्हा जाऊन आल्या. खुलासा झाला. पुष्पलता म्हणे पोट धरून हसली. मग म्हणाली, केस नाहीत तर नाहीत, त्यात काय एवढं? पंधराला येऊ द्या. फक्त टोपी काढून या म्हणा.
वहिनी म्हणाल्या, "पोरगी सोनं आहे. काढून जा टोपी, भाऊजी. सोक्षमोक्ष होऊन जाईल."
बायकांना बायकांचं मन कळत नाही. 'त्यात काय एवढं' असं मुलगी म्हणते तेव्हा त्यात बरंच काही असतं. टोपी काढीन. पण खाली फोटोतलं डोकं असेल.
मावशीला अजून खात्री नाही. ऑफिसातला एखादा शहाणा माणूस सोबत आणा म्हणतात, मुलगा बिनलग्नाचा आहे असं सांगायला. मी रुपरावाला न्यायचं ठरवलं. डोकं चालवलं. गंगाळ शेजारी बसलं की माझे केस आपोआप दाट दिसतील.

१४ एप्रिल, शनिवार.
शोध लागला. जवस उकळला की चिकट, पारदर्शक खळ निघते. त्या खळीने डाव्या कानावरचे केस उजवीकडे चिकटवून पाहिले. दहा मिनिटांत घट्ट. मान हलवली, उडी मारली. जागचे हलत नाहीत. विदर्भाचं पीक विदर्भाच्या कामी आलं.
वहिनी म्हणाल्या, "हे काहून करून राहिले भाऊजी? तिनं तर तसंच बोलावलं तुमाले." ऐकलं नाही.

१५ एप्रिल, रविवार. संध्याकाळी ७.
थोडक्यात लिहितो.
रुपरावाने माझ्याबद्दल चांगलं सांगितलं. माणूस सरळ आहे, बिनलग्नाचा आहे, अक्षर सुंदर आहे. पुष्पलता पोहे घेऊन आली. फोटोपेक्षा छान. मी टोपी काढली. तिने पाहिलं, आणि क्षणभर तिला आश्चर्य वाटलं. क्षणभर मी जिंकलो होतो.
मग कुसुमताई म्हणाल्या, पाहुण्याले घाम आला, टेबलफॅन लावा.
खळ वाळली होती. केस सुटे उडाले नाहीत. सगळे मिळून डब्याच्या झाकणासारखे वर उघडले आणि तसेच उभे राहिले. मी हाताने बसवले. पुन्हा उघडले. रुपरावाने उठून फॅन माझ्यावरून स्वतःकडे वळवला. आगाऊपणा.
कोणी हसलं असतं तर बरं झालं असतं. पुष्पलता हसली नाही. एवढंच म्हणाली, "मी तर सांगून पाठवलं होतं नं."
मग ती रुपरावाला म्हणाली, पोहे घ्या नं, थंडे होऊन राहिले.

२२ एप्रिल, रविवार.
नकार आला. फॅन जुन्या मॉडेलचा होता, वारा खालून वर फेकतो.
वहिनींनी खोबऱ्याच्या तेलाची बाटली टेबलावर ठेवली.

११ मे, शुक्रवार.
रुपराव हल्ली इस्त्रीचा शर्ट घालतो. आज दोनदा शीळ घातली. टकल्यांना उन्हाळा चढतो.

२७ मे, रविवार.
सकाळी रुपराव घरी आला. आत येईना, दारातच घुटमळला. मग हळद-कुंकू लावलेली पत्रिका पुढे केली. मी आधी तारीख वाचली, मग वराचं नाव, मग वधूचं. म्हणाला, "रागावू नका जी मनोहरराव. मी नाही गेलो मागं. त्याहिनंच बोलावलं."
मी अभिनंदन केलं. अक्षर सुंदर आहे असं याने माझ्याबद्दल सांगितलं होतं, ते आठवलं.
वहिनींना विचारलं, त्याच्यात तिने पाहिलं तरी काय? वहिनी भाजी निवडत होत्या. वर न बघता म्हणाल्या, "ती म्हणे, मानसाचं डोकं दिसते तसं हाय."
दुपारी नत्थूकडे गेलो. टोपी काढली. म्हटलं, सगळे काढ.
त्याने वस्तरा हातात घेतला आणि थांबला. आमच्याकडे सगळं डोकं माणूस एकाच प्रसंगी उतरवतो. आवाज खाली आणून म्हणाला, "कोण गेलं जी घरचं?"
म्हटलं, दूरचं होतं. जवळचं व्हायचं राहून गेलं.