सोमवारचा पेपर

आबा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली आणि मी आज लिहायला बसलोय. सकाळचं कॉलेज, अकरा ते साडेपाच कचेरीत टायपिंग, रविवारी गावी येऊन शेतात हातभार, असं माझं धुळ्यात चाललं होतं. सुरुवातीला ओढाताण खरी होती. मग माझ्या लक्षात आलं, ‘अभ्यास आहे’ म्हटलं की तुम्ही पुढे एक शब्द विचारत नाही. बारसं टळलं, कापूस वेचणी टळली. मी सोकावलो.

अक्काच्या साखरपुड्यालाही मी तेच केलं. सोमवारी पेपर आहे, असं अंतर्देशीय पत्र टाकलं. पेपर आठवडाभर पुढे होता. खरंच अभ्यास करीन असं मी स्वतःलाही सांगितलं होतं, पण रविवारी सकाळी कचेरीतली मंडळी न्यायला आली आणि मी मुकाट्याने त्यांच्या मागे सायकल काढली. नदीकाठच्या मळ्यात भरताची पार्टी होती. कपाशीच्या काड्यांवर वांगी मीच भाजली, गाणी म्हटली, पोट फुटेस्तोवर जेवलो. तिकडे पाहुण्यांना टिळा लावायला तुम्ही माझ्या जागी चुलतभावाला उभं केलं होतं.

पाचला खोलीवर येतो तर पायरीवर तुम्ही. कार्यक्रम उरकून, आपल्या नरडाण्याहून एस.टी.ने, पुरणाच्या मांड्यांचा डबा घेऊन. लायब्ररीत होतो, मी म्हणालो. रविवारी ती बंद असते हे तुम्हाला कुठून ठाऊक असणार, असा माझा हिशेब. चोराच्या मनात चांदणं. मी तुमच्यापासून चार हात लांबच उभा. तुम्ही माझ्या शर्टाकडे पाहिलंत, मग खाली बघत डबा पुढे केलात.

“स्टो धूर करस तुना. दुरुस्त करी ले, डोया खराब व्हतीन.”

करतो, म्हणालो. आबा, जन्मभर आपल्या चुलीत कपाशीच्याच काड्या जळल्या. रॉकेलचा धूर कुठला आणि काड्यांचा कुठला, हे तुम्हाला कळत नव्हतं? मला खोटं बोलायची वेळ पुन्हा येऊ नये म्हणून ते खोटं तुम्हीच बोललात. मी मात्र तुम्ही फसलात म्हणून मनात हसलो. त्या हसण्याची लाज मला अजून वाटते.

पास झाल्यावर तुम्ही पारावर सगळ्यांना सांगितलंत, पोराने बहिणीचा साखरपुडा सोडून अभ्यास केला. अक्का ते आजही अभिमानाने सांगते. तिची मुलगी आता नोकरी करून शिकते, वैतागते. परवा अक्का तिला माझ्यासमोर म्हणाली, मामाकडे बघ, मामाने काय काय सोडलं. पोरगी माझ्याकडे बघत राहिली. मी मान डोलावली.

हे पत्र खरं तर अक्काला लिहायला हवं होतं. ती इथेच राहते, तिसऱ्या गल्लीत. तुम्हाला लिहिलं, कारण तुम्हाला सगळं ठाऊकच होतं.