फ्रीजमधल्या दोन बरण्या

३ नोव्हेंबर, रविवार
आमच्या पोरीने, स्माराग्दाने, आज तिचा स्त्रातिस घरी आणला. लग्न करणार म्हणे. लेसव्होस बेटावरचा, इथे पात्रासच्या बंदरात क्रेन चालवतो. सोबत त्याच्या आईने पाठवलेला ऑलिव्ह तेलाचा डबा. ज्याची कालामाता शहराजवळ स्वतःची ऑलिव्हची झाडं आहेत, त्याच्या घरी तेल आणतो! मी संयम राखला. तुमच्या बेटावर तेल ऑलिव्हचंच काढतात ना, एवढंच विचारलं. तो हसला. उथळ आहे.
संकल्प: जावई पूर्वग्रहाने नाही, शास्त्राने तपासायचा.
रंग: फिकट. (तेलाचा. त्याचाही.)

४ नोव्हेंबर
शाळेत उभा जन्म रसायनशास्त्राचा पहिला धडा शिकवला. पदार्थ गुणधर्मांवरून ओळखावा. वस्तुमान आणि आकारमान यांवरून पदार्थ किती ते कळतं, कोणता ते कळत नाही. स्त्रातिसकडे दोन्ही भरपूर. खरी परीक्षा गोठणबिंदूची. एका बरणीत त्याचं तेल, दुसरीत माझं, दोन्ही फ्रीजमध्ये. बायकोचं, अर्गिरोचं, चीज बाहेर काढावं लागलं. विज्ञानाला त्याग लागतो, हे अर्गिरोला समजावलं.

५ नोव्हेंबर, सकाळ
माझं तेल घट्ट, पांढरट. त्याचं तसंच पातळ. भेसळ! सूर्यफुलाचं मिसळलंय. वाईट वाटलं. नाश्ता मात्र दुप्पट गेला.
संकल्प: रविवारपर्यंत कोणाला अवाक्षर सांगायचं नाही.

५ नोव्हेंबर, संध्याकाळ
अर्गिरोला सांगितलं. खालच्या औषधवाल्या बाईंना सांगितलं. कॉफीच्या दुकानात फक्त ओळखीच्यांना सांगितलं.

७ नोव्हेंबर
अर्गिरो म्हणते, तेल गेलं खड्ड्यात, पोरगी खूश दिसते. मी म्हटलं, खूश असणं हा पदार्थाचा गुणधर्म नाही, मोजता येत नाही. ती कांदे चिरत राहिली. डोळ्यांत पाणी होतं. कांद्याचं.

१० नोव्हेंबर, रविवार
स्त्रातिसची आई मिर्सिनीबाई बेटावरून आली होती. विधवा, एवढीशी. झाडांखाली वाकून ऑलिव्ह वेचते ती स्वतःच. मासे वाढायच्या आधी मी दोन्ही बरण्या टेबलावर ठेवल्या आणि छोटंसं व्याख्यान दिलं. चांगलं झालं. शेवटी बाईंना अत्यंत आदराने विचारलं, सूर्यफुलाचं तेल कुठल्या दुकानातून आणता? त्यांनी हातातला पाव खाली ठेवला. बोटं सुजलेली होती, ती टेबलाखाली नेली. स्त्रातिस उठला. स्माराग्दा जागची हलली नाही.
“बाबा, तेल हे मिश्रण आहे. मिश्रणाला ठरलेला गोठणबिंदू नसतो. पहिल्या धड्यात आहे. हे वाक्य चुकलं म्हणून तुम्ही मला वर्गासमोर थोबाडीत मारली होती.”
थोबाडीत मारल्याचं मला आठवत नाही. पाठांतर मात्र पक्कं झालेलं दिसतं.
तिघंही गेली. मासे उत्तम होते.

१२ नोव्हेंबर
वाक्य तत्त्वतः बरोबर आहे. पण बोलण्याची पद्धत? ती माफी मागेल, मी थोडं ताणून माफ करीन. फोन मोकळा राहावा म्हणून अर्गिरोला बहिणीशी बोलायला बंदी.

२५ डिसेंबर
स्माराग्दाचा फोन आला. आईशी बोलली. मी शेजारच्या खोलीत मुद्दाम मोठ्याने खोकत होतो. तिला ऐकू गेलं नसणार. लाइन खराब असावी.

८ जानेवारी
औषधवाल्या बाईंकडून कळलं: लग्न अठराला, बेटावर. म्हणजे मला बोलावणं भागच आहे. नवरीला चर्चच्या दारापर्यंत बापच नेतो, तिथेच नवऱ्याच्या हाती देतो. सूट धुवायला टाकला. आरशासमोर सराव केला: दारापर्यंत कडक चेहरा, दारात किंचित नरम.

१५ जानेवारी
अर्गिरो अथेन्सला बहिणीकडे गेली. बहीण आजारी म्हणे. नवे बूट घालून गेली. आमंत्रण नाही. बेटावरचं टपालखातं आळशीच.

१७ जानेवारी
सूट दारामागे टांगलाय. न बोलावता जायला मी लोचट नाही. तरी बोटीची वेळ विचारून ठेवली. दाढीही केली.

२० जानेवारी
अर्गिरो परत आली. टेबलावर जाळीची पुरचुंडी ठेवली, लग्नातल्या साखरबदामांची. बहिणीची तब्येत मी विचारली नाही. दारापर्यंत पोरीला कोणी नेलं, ते विचारलं. म्हणाली, मिर्सिनीबाईंनी, हाताला धरून.
मी म्हटलं, लोकांनी बाप कुठे म्हणून विचारलं असेल.
“विचारलं. स्माराग्दा म्हणाली, बाबा वारले.”
आणि तू?
“मी मान खाली घातली. लोक माझं सांत्वन करून गेले.”
मला राग यायला हवा होता. बराच वेळ वाट पाहिली, आला नाही. शेवटी विचारलं, कशाने वारलो म्हणे?
“ते कोणी विचारलंच नाही,” अर्गिरो म्हणाली आणि बूट काढायला लागली.