माकडाच्या वर्षाचा रांजण

शाओशिंग
१२ सप्टेंबर २०१०

ती. धाकट्या आजीस,

पाओगनचा वाकून नमस्कार. हांगचौला उकाडा सरला असेल. तुझे गुडघे काय म्हणतात? छुनमेइनं तुझ्यासाठी मोहरीचा पाला खारवून सुकवलाय, दोन बरण्या. तुझ्या नातसुनेला बाकी काही येवो न येवो, मीठ बरोबर घालता येतं.

मुख्य बातमी आधी. माझ्या लेकीचं, यिंगचं लग्न ठरलं. दहा ऑक्टोबर. मुलगा पूल बांधणारा इंजिनियर आहे. पहिल्या भेटीतच मी त्याला विचारलं, "आमच्या दारासमोरच्या पुलाच्या कमानीला दगड किती?" म्हणाला, "मोजावे लागतील." मी म्हटलं, "एकोणीस. आणि उजवीकडून सातवा नंतर बदललेला आहे." तेव्हापासून तो मला मास्तर म्हणतो. सहावीत शाळा सुटलेल्या गवंड्याला विद्यापीठातून शिकून आलेला माणूस मास्तर म्हणतो, हे तुझ्यासारख्या शिक्षिकेला कळवायलाच हवं होतं.

तू लग्नाला यायला हवंस. तीन वर्षं आली नाहीस. तब्येतीमुळे असेल, प्रवास झेपत नसेल. मी स्वतः गाडी घेऊन येईन.

पाहुणे येणार म्हणून पणजोबांकडून आजीकडे आलेल्या या घराच्या अंगणातली मोरी नवी करायला घेतली. बाहेरच्या माणसाला काम दिलं नाही, कारण या शहरात उतार काढण्याची अक्कल असलेले दोनच गवंडी उरलेत आणि दुसरा आजारी आहे. मंगळवारी सकाळी पश्चिमेच्या भिंतीपासून चार हातांवर, दीड हात खोल, पहार ठण्ण वाजली. मातीत गोल डोकं दिसलं. छुनमेइ किंचाळली, "बॉम्ब आहे! जपान्यांचा! हात लावू नका!"

मी म्हटलं, "बॉम्बला कुणी कमळाच्या पानाची टोपी घालतं का गं?"

मुलीच्या जन्माला पुरतात तसला दारूचा रांजण होता. तोंडावर चिखलाचं झाकण, त्याखाली पान, पार काळं पडलेलं. काटा आणून तोलला. भरलेला असा रांजण शेहेचाळीस चिन भरायला हवा, हा एकोणतीस भरला. म्हणजे उडून गेली ती गेली, पण आत अजून बरीच आहे. हलवला की बोलतो.

छुनमेइ म्हणाली, "धाकट्या आजींचा असणार. त्यांचं लग्न कुठं झालं? राहून गेला बिचारा." मलाही तेच वाटलं. दोन बहिणी, दोन रांजण. थोरल्या, माझ्या सख्ख्या आजीचा तिच्या लग्नात बेचाळीस साली संपला, उरला तो तुझा. हिशोब सरळ होता. मी खुशीत येऊन रांजण दात घासायच्या ब्रशनं घासायला बसलो. (ब्रश छुनमेइचा निघाला. त्यावर इथे लिहीत नाही.)

रांजणाच्या खांद्यावरची माती सुटली आणि खाली आरीनं कोरलेलं, लाल रंग भरलेलं चित्र निघालं. हात तुझ्या वडिलांचा, शंकाच नाही. पणजोबांनी होड्यांच्या पुढच्या टोकांवर रंगवलेली चित्रं मी लहानपणी पाहिलीयत. त्यांचा कुठलाही प्राणी हसतो, अगदी सुसरसुद्धा. हाही हसत होता.

पण तो तुझ्या जन्मवर्षाचा उंदीर नव्हता, आजी. माकड होतं.

मी वंशावळीची वही काढली. माझ्याच अक्षरात लिहिलंय: थोरली सूलान, माकडाचं वर्ष, १९२०. धाकटी पेइफन, उंदराचं वर्ष, १९२४. मग माकडाचा रांजण बेचाळीस सालीच रिकामा व्हायला हवा होता. मुलीच्या जन्माला पुरलेली दारू तिच्याच लग्नात उकरायची. दुसरीच्या लग्नात पाजली तर दोघींचंही वाटोळं होतं, हे आपल्या गल्लीत शेंबड्या पोरालाही ठाऊक. पणजी असली चूक करणारी बाई नव्हती.

म्हणजे बेचाळीस साली जिचं लग्न झालं ती उंदराच्या वर्षाची होती. आणि जिचं झालं नाही ती माकडाच्या.

मोरी तशीच टाकून मी दोन दिवस अंगणात बसून राहिलो. एकेक गोष्ट आपणहून येऊन शेजारी बसायला लागली. माशाचा पहिला तुकडा माझी आजी नेहमी तुझ्या वाडग्यात का टाकायची? धाकटीला आधी वाढायची ही कुठली रीत? शेवटच्या तापात ती तुझा हात धरून "ताई, ताई" करत होती. आम्ही म्हणालो, भ्रम झालाय. तू तिचं तोंड पुसत राहिलीस.

आता जे लिहायचं टाळत दोन पानं मोरीवर खर्च केली, ते लिहितो. तू तब्येतीमुळे येत नाहीस असं नाही. मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे.

तीन वर्षांपूर्वी, वंशावळीचं पुस्तक छापून आलं त्या दिवशी, मी अकरा टेबलांसमोर उभा राहून म्हणालो होतो, "यात एक चूक काढून दाखवा, कोंबडा देईन." तू चौथ्या टेबलावरून हळूच म्हणालीस, "पाओगन, मी माकडाची रे." आणि मी, सहावी नापास, चाळीस वर्षं शिकवत आलेल्या बाईला भर पंगतीत म्हणालो, "आजी, वय झालं की आकडे निसटतात. माझ्याकडे कागद आहे." सगळे हसले. तूही हसलीस. चॉपस्टिक्स वाडग्यावर आडव्या ठेवल्यास आणि संध्याकाळच्या आधीच्या गाडीनं गेलीस.

कागद बरोबर होता, आजी. माणूस मी चुकीचा वाचला.

थोरली आजी गेल्यापासून प्रत्येक कार्यात मी थोरलीची खुर्ची रिकामी ठेवतो. पुढ्यात वाडगा, चॉपस्टिक्स, सगळं मांडून. लोक म्हणतात, पाओगनला रीत कळते. सात वर्षं मी जिच्यासाठी खुर्ची अडवून ठेवली, ती त्या दिवशी तिथेच चौथ्या टेबलावर शेंगा सोलत बसलेली होती.

ये. त्या खुर्चीवर बस. आणि रांजणाचं काय करायचं ते तूच सांग. रीतीप्रमाणे तो फक्त तुझ्या लग्नात उघडता येतो आणि यिंगच्या लग्नात उघडायची माझी हिंमत नाही. असं का झालं, हे सांगावंसं वाटलं तर सांग. नाही सांगितलंस तरी ये.

तुझा चुकलेला,
पाओगन

•

हांगचौ
१७ सप्टेंबर

चि. पाओगन,

शहाण्या, तीन वर्षं लावलीस! मी नव्वदीची आहे. आणखी उशीर केला असतास तर पत्र कुठल्या पत्त्यावर टाकणार होतास?

ऐक. एकेचाळीसच्या वसंतात जपानी शहरात शिरले आणि शरद लागता लागता सगळ्यांना ओळखपत्रं काढायला लावली. त्याशिवाय पूल ओलांडता येईना. तुझी आजी माझ्याहून चार वर्षांनी लहान आणि वीतभर उंच. कचेरीतल्या कारकुनानं दोन फोटो पाहिले आणि उंच ती थोरली असं धरून चिकटवून टाकले. माझ्या नावावर तिचं तोंड, तिच्या नावावर माझं.

बाबा दुरुस्त करून घ्यायला गेले. कारकून म्हणाला, "कचेरी चुकली म्हणतोस?" बाजूला संगीन लावलेला शिपाई. बाबांनी त्याच्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "छे हो साहेब! माझ्या मुलीच उलट्या क्रमानं जन्मल्या."

घरी येऊन त्यांनी फर्मान काढलं, "आजपासून पेइफन ही सूलान आणि सूलान ही पेइफन. जी चुकेल तिच्या वाट्याचा मासा मांजराला." पहिल्या पंधरवड्यात मांजर इतकं माजलं की त्याला जिना चढवेना. गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं, पण एकानं तोंड उघडलं नाही. समोरचा नावाडी तर मला मुद्दाम हाक मारायचा, "काय गं धाकटे, उंची वाढली का?"

भीती होती रे. पुलावर रोज कागद तपासायचे. पण ही बया! शिपायासमोर मला दटावायची, "पेइफन, नाक पूस! ताईचा हात धर!" बावीस वर्षांची मी, नाक पुसत तिचा हात धरायचे. पूल संपला की दोघी भिंतीआड बसून पोट दुखेपर्यंत हसायचो. तुला खरं सांगते, मी त्या वर्षांइतकी आयुष्यात कधी हसले नाही.

मग तुझे आजोबा आले. परगावाहून, होडीत पायानं वल्हं मारत आणि तोंडानं शीळ घालत. त्यांच्या आईचं म्हणणं, थोरली घरात असताना धाकटीला सून करून घेणार नाही. तुझी आजी रडत आली, "ताई, तू आधी कर ना गं लग्न. कुणाशीही कर."

मी म्हटलं, "कुणाशीही? वा! सरकारी कागदावर थोरली कोण?"

"मी."

"मग जा की."

तिला कळायला जरा वेळ लागला. मग तिनं मला अशी मिठी मारली की माझी वेणी सुटली.

मला लग्न नकोच होतं, शाळा हवी होती. थोरलीच्या मागे लागतात तसे माझ्यामागे मध्यस्थ लागेनात, चार वर्षं आयती मिळाली. आईनं मात्र रांजण बदलू दिला नाही. "नाव बदला, दारू बदलणार नाही," म्हणाली. म्हणून उंदराचा उकरला. तूच बघ, तुझ्या कागदापेक्षा ती पक्की निघाली.

जपानी गेल्यावर तुझी आजी म्हणाली, "ताई, आता तुझं नाव परत घे." मी म्हटलं, "लग्नाचा आहेर कुणी परत घेतं का?" तिच्या कडेवर तुझा बाप होता, सासरी सगळे तिला सूलान म्हणत होते. मग तिनं मला शपथ घातली की ती असेपर्यंत सासरी कळू द्यायचं नाही. मी ती पाळली. कागदावर चार वर्षांनी लहान, म्हणून शाळेतून निवृत्तही चार वर्षं उशिरा झाले. पोरांची कटकट चार वर्षं जास्त ऐकली, तेवढीच काय ती झळ.

ती गेल्यावर वाटलं, आता एकदा, एकदाच म्हणून बघावं, "मी माकडाची." आणि तू कागद दाखवलास. राग आला नाही असं म्हणणार नाही. पण त्या दिवशी तू तिची खुर्ची मांडली होतीस, तिच्या वाडग्यात पहिला मासा घातला होतास. मी पुढे बोलले असते तर ती खुर्ची तिच्याकडून काढून घेतल्यासारखं झालं असतं. म्हणून गेले आणि म्हणून आले नाही. आले असते तर बोलून मोकळी झाले असते.

रांजण उघड. या वयात नवरा शोधत बसायला मला सवड नाही. यिंगची दारू यिंगच्या पाहुण्यांना, माझी आपल्या घरच्यांना. फक्त एक. पूल ओलांडताना तुझी आजी मला एकदा म्हणाली होती, "ताई, तुझा रांजण उघडेल तेव्हा पहिला पेला मी ओतणार, कुणी हात लावायचा नाही." आता ती नाही. तिच्याऐवजी तू ओत. सांडू नकोस.

आणि कोंबडा विसरू नकोस. चांगला तुरेवाला आण, पंगतीत सगळ्यांना दिसला पाहिजे.

सूलान

(हे नाव एकोणसत्तर वर्षांनी लिहिलं. अक्षर वाकडं आलंय, वहीत उतरवताना सरळ करू नकोस.)

•

शाओशिंग
२१ सप्टेंबर

ती. थोरल्या आजीस,

वरचे दोन शब्द लिहायला तीन कागद फाडले. हात सवयीनं 'धाकट्या'कडेच जात होता. माशाचा तुकडा मांजराला द्यायची वेळ आली.

तुझं पत्र मी घरात मोठ्यानं वाचलं. 'उलट्या क्रमानं जन्मल्या' इथे छुनमेइ हसून हसून बाकावरून घसरली. यिंग मात्र पेल्याच्या ओळीशी आली आणि उठून पुलावर जाऊन उभी राहिली. परत येऊन म्हणाली, "बाबा, एकोणीसच दगड आहेत." डोळे लाल होते.

पुस्तकाच्या साठही प्रतींत दुरुस्तीची चिठ्ठी मी स्वतः खळीनं चिकटवतोय. चौतीस झाल्या. कोंबडा आणलाय. तांबडा, तुरा तीन बोटं, पहाटे साडेचारला आरवतो आणि शेजारी मला शिव्या देतात.

आठ तारखेला सकाळी नऊला गाडी घेऊन दाराशी येतो. नऊ म्हणजे नऊ.

आणखी एक. थोरलीची खुर्ची आजीच्या मापाची होती, ती उंच होती. परवा तुझा जुना फोटो काढून पट्टीनं मापं घेतली आणि खुर्चीचे चारही पाय अडीच बोटं कापले. पातळी लावून पाहिली, कुठं डुगडुगत नाही. आता बसलीस की तुझे पाय जमिनीला टेकतील.

तुझ्या धाकट्या बहिणीचा नातू,
पाओगन