मीठ लावलेले बोंडू

गुरुवार, दिवेलागणीला

अखेर बुडबुडे आले! काजूच्या बोंडवांच्या, म्हणजे बीला लागून येणाऱ्या रसाळ फळांच्या, रसापासून इथेनॉल काढायचा कॉलेजच्या प्रयोगशाळेतला माझा खटाटोप वाचला. हंगाम संपत आलाय. आता फसलं असतं तर पुढच्या वर्षापर्यंत बसा हात चोळत.

रसाचे बाकीचे कॅन कधीचे फसफसतायत, पण शेजारच्या कमलकाकीच्या बोंडवांचा कॅन कालपर्यंत ढिम्म. खरं तर सगळ्यांत गोड बोंडू तिचेच, माझी सगळी भिस्त त्यांच्यावर. मी यीस्टला दोष दिला, उकाड्याला दिला, स्वतःच्या अकलेला तर रोजच. आज सकाळी न राहवून त्यातला रस जिभेवर ठेवला. (मुलांना चाखू नका म्हणून ओरडते ती मीच.) खारट!

तशीच काकीकडे गेले. "काकी, बोंडू चिरून मीठ लावलंस?"

"मग? मिठाशिवाय बोंडू कोणाच्या हातात देतात काय गो? घसा खवखवेल ना!"

"अगं, ते मी नव्हते खाणार. यीस्ट खाणार होतं. एवढ्या मिठात त्याचा जोरच जातो."

काकी तोंडाला पदर लावून अशी हसली की... रागवायला गेले होते ना मी?

निघताना तिने दोन डबे दिले. "हा तुझ्या यीस्टचा, बिनमिठाचा. हा तुझा."

दुपारी नवा कॅन लावला आणि संध्याकाळी नळीतून बुडबुडे! प्रयोगशाळेच्या पायरीवर बसून माझा डबा संपवला. घसा अजिबात खवखवत नाहीये.